दोन पदरांचा पीळ

भिवंडीच्या धामणकर नाक्याजवळ यंत्रमागांच्या आवाजात वाढणाऱ्या मुलांस दुपदरी सूत परिचित असते. आनुवंशिकतेचा पाठ तेथूनच आरंभावा.

पेशीतील डीएनए हा असाच दुपदरी पीळ होय. वॉटसन व क्रिक यांनी १९५३ साली ही रचना मांडली. दोन्ही पदरांवरील घटकांच्या जोड्या ठरलेल्या असतात : ॲडेनीनसमोर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन. पेशीविभाजनापूर्वी पीळ उलगडतो व प्रत्येक जुन्या पदरासमोर, याच नियमाने, नवा पदर तयार होतो. मेसेलसन व स्टाल यांनी १९५८ साली हे प्रयोगाने दाखविले. वर्गात पांढऱ्या सुताचा पीळ सोडवून प्रत्येक पदरास रंगीत पदर जोडून दाखवावा.

नक्कल होताना क्वचित चूक राहते व ती पुढील पिढीत उतरू शकते. पालघर, नंदुरबार व विदर्भात आढळणारा सिकलसेल विकार मुळात एकाच जोडीच्या बदलाने उद्भवतो. आईवडील दोघांकडूनही तो बदल आल्यास मूल आजारी पडते. असे मूल लवकर थकते, त्याचे सांधे दुखतात. त्यास आळशी म्हणू नये, रक्ततपासणीस पाठवावे. हा विकार स्पर्शाने होत नाही, व तो कोणाच्या पापाचे फळही नव्हे, हे शिक्षकांनी पालकांस समजावून द्यावे.