‘ऑबा को सो’ : एक नकार आणि एक दैवत

ओबाफेमी लासोदे यांनी १९९७ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘शांगो’ हा नायजेरियातील भव्य चित्रपट एका योरुबा राजाची कथा सांगतो. संहिता वाले ओगुन्येमी या नाटककारांची आहे. शांगो हा ऑयॉ राज्याचा अलाफिन, म्हणजे अधिपती. मरणोत्तर तोच मेघगर्जनेचा व विजेचा देव ठरला. हे देवत्व ‘ऑबा को सो’ या अल्पाक्षरी वाक्यावर कसे उभे आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

सॅम्युएल जॉन्सन यांच्या १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या योरुबा इतिहासात आलेली परंपरा अशी : वीज आकर्षून घेण्याच्या प्रयोगात शांगोच्या हातून स्वतःचाच राजवाडा भस्मसात झाला. तो राज्य सोडून निघाला, अनुयायी मागे फिरले आणि एकाकी राजाने गळफास घेतला. ‘ऑबा सो’, राजाने फास घेतला, अशी लोकनिंदा सुरू झाली. त्याच्या पक्षपात्यांनी परमुलखातून वीज पाडण्याची विद्या आणली. घरे जळू लागली, तेव्हा हा राजाचाच कोप होय, असे सांगण्यात आले. भयभीत नगराने मग म्हटले : ‘ऑबा को सो’, राजाने फास घेतला नाही.

योरुबा भाषेत उच्च, मध्यम व नीच असे तीन सूर अर्थभेदक आहेत. ‘को’ हे नकारवाचक पद नीच सुरात, क्रियापदाच्या आधी येते. (मराठीत नकार बहुधा शेवटी येतो, निंदा पुरी झाल्यावर!) राजा या अर्थाचा ‘ऑबा’ आणि शांगोच्या एका राणीचे नाव ‘ऑबा’ यांत केवळ अंत्य सुराचा भेद आहे, देवनागरीत तो दिसत नाही. ‘इंद्रशत्रु’ शब्दाच्या स्वरदोषाची कथा जाणणाऱ्यांना याचे महत्त्व सांगावयास नको.

याच ध्वनिसमूहाचा ‘कोसोचा राजा’ असाही अर्थ होतो. कोसो हे शांगोच्या अंताशी निगडित स्थळ. योरुबात षष्ठीसाठी नामे नुसती शेजारी ठेवतात. उच्चारात पहिल्याचा अंत्य स्वर किंचित लांबतो. म्हणजे एका वाचनात ते नकारार्थी विधान, दुसऱ्यात निव्वळ बिरुद. स्थळनाम आधीचे की वाक्य आधीचे, हा वाद व्युत्पत्तीवर सुटेल असे मला वाटत नाही. उपासकांना दोन्ही अर्थ एकदम हवे आहेत.

डुरो लाडिपो यांनी १९६३ च्या आपल्या संगीत नाटकाला हेच वाक्य शीर्षक म्हणून दिले. रंगभूमीवर ते सोपे आहे; बोलणारा नगारा सूर वाजवतो आणि नकार ऐकू येतो. चित्रपटाची अडचण मात्र खरी आहे. झाडाला लोंबणारा देह पडद्यावर दाखविता येतो. ‘को’ दाखविता येत नाही.