बोटाखाली उमलणारी बाराखडी

गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावचा शेतकरी आता आपल्या पिकाची नोंद स्वतः करू शकतो. त्यासाठीची मोबाइलवरची ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाली. शेतात उभं राहायचं, मोबाइलवर गट नंबर निवडायचा, पीक भरायचं, फोटो काढायचा. भर उन्हात पडदा दिसतो का, मातीने माखलेलं बोट बटणावर बसतं का, रेंज गेली तर भरलेली माहिती टिकते का, हे बांधावर गेल्याशिवाय कळत नाही. असं बांधावर जाऊन सॉफ्टवेअर घडवायला शिकवणारी संगणकविद्येची शाखा म्हणजे वापरकर्ताकेंद्री रचना. तिचं एक मोठं पीठ आपल्याकडे पवईला आहे.

आयआयटी मुंबईत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं. वस्तूंची रचना शिकवणाऱ्या या विभागात अक्षरांचाही अभ्यास रुजला. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी इथेच शिकवत. पुढे सॉफ्टवेअरची रचनाही इथे शिकवली जाऊ लागली, आणि प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांचे विद्यार्थी एका साध्या वाटणाऱ्या अडचणीला भिडले: मराठी माणसाला मराठीत टाइप का करता येत नाही?

सरकारी प्रमाण असलेला इनस्क्रिप्ट कळफलक शास्त्रशुद्ध आहे, पण तो शिकावा लागतो. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते. इनस्क्रिप्टमध्ये मात्र क आधी आणि वेलांटी नंतर. संगणकही ती याच क्रमाने साठवतो, आणि पडद्यावर दाखवताना तिला उचलून ‘क’च्या आधी ठेवतो. ज्याला हे कुणी सांगितलेलं नाही तो पहिल्याच शब्दाला अडतो.

जोशी आणि विद्यार्थ्यांनी उलट्या बाजूने विचार केला. पहिलीपासून पाठ असलेली वर्णमाला हाच कळफलकाचा नकाशा का नसावा? त्यातून आधी ‘कीलेख’ हा कळफलक आला. २००४ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो मांडला गेला. मग स्पर्शपडद्याच्या फोनसाठी ‘स्वरचक्र’ आलं. व्यंजनं वर्गवार मांडलेली: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु, कू असं चक्र उमलतं, हव्या अक्षराकडे बोट सरकवायचं आणि उचलायचं. ‘क्’ निवडला तर कळांवर त्याची जोडाक्षरंच दिसू लागतात. ‘क्ष’ कसा काढायचा हा प्रश्न उरत नाही, तो समोर दिसतो. मला या रचनेचं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं ते इथेच: वापरणाऱ्याला जे आधीच येतं, त्यावर ती उभी आहे.

वापरणाऱ्यापासून सुरुवात करण्याचा हा विचार नवा नाही. १९८५ साली आयबीएमच्या जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी सॉफ्टवेअर घडवण्याची तीन तत्त्वं मांडली. सुरुवातीपासून वापरणाऱ्यांकडे लक्ष द्या, त्यांच्या हाती देऊन मोजमाप करा, चुकलं की पुन्हा घडवा. ऐकायला सोपं, वर्गात शिकवायला अवघड. कारण हुशार विद्यार्थ्याला आधी कोड लिहायचा असतो.

 गंगाखेडसारख्या भागात संगणक शिकणाऱ्या मुलांना वापरणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही, आणि माझ्या मते ही त्यांची सर्वांत मोठी शिदोरी आहे. आजोबांच्या हाती फोन द्यावा, पीक पाहणी भरायला सांगावी आणि गप्प बसावं. ‘इथं दाबा’ असं एकदाही म्हणायचं नाही. मनात येईल ते त्यांना मोठ्याने बोलू द्यायचं. बोट कुठे थबकलं, कुठला शब्द दोनदा वाचला, कुठे चष्मा वर केला, ते टिपायचं. मग नवा पडदा कागदावर पेन्सिलीने काढून त्यांच्यापुढे ठेवायचा आणि पुन्हा गप्प बसायचं. तिथेही बोट थबकलं, तर खोडरबर हाताशी असतोच. कोडची एकही ओळ अजून लिहिलेली नसते.