वजन परतले, चयापचय नाही

‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना संशोधक केविन हॉल यांच्या चमूने सहा वर्षांनी पुन्हा तपासले. निष्कर्ष 2016 मध्ये आले. स्पर्धेत सरासरी 58 किलो उतरले होते, त्यातले 41 परत चढले. त्यात नवल नाही. पण तेवढ्या वजनाचे शरीर नुसते बसून जितके जाळेल, त्याहून हे लोक रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होते! वजन घटवण्यासाठी केलेल्या जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतरही चयापचय क्रिया आधी मंदावते. मात्र याच स्पर्धकांशी केलेल्या तुलनेत शस्त्रक्रिया झालेल्यांची ही तूट वर्षभरात जवळजवळ भरून निघाली. भूक आवरणारे लेप्टिन हे संप्रेरक दोन्हीकडे घसरते. तरी शस्त्रक्रियेनंतर जेवल्यावर जीएलपी-1 हे तृप्तीचे संप्रेरक भरपूर स्रवते. डाएटवाल्याची भूक मात्र खवळलेलीच राहते.