खाकीतला मुलगा आणि ‘अर्धसत्य’

जतमध्ये पहाटे मैदानाकडे गेले की पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. त्यात आपल्या वस्तीतलीही असतात. ऊसतोडीला जाणारा बाप उसने पैसे काढून पोराला बूट घेऊन देतो. आई म्हणते, पोरगं एकदा खाकीत गेलं की आपल्याला कुणी अरेतुरे करणार नाही. अशा आईबापांनी पोरासोबत बसून एक जुना हिंदी चित्रपट पाहावा असे आम्हांस वाटते. तो म्हणजे १९८३ चा ‘अर्धसत्य’.

गोष्ट आपल्या मराठी माणसाची आहे. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी चित्रपट केला. ओम पुरींचा अनंत वेलणकर हा फौजदार. बाप हवालदार, त्यानेच पोराला बळेबळे पोलिसात घातलेले. समोर गुंड रामा शेट्टी, म्हणजे आपले सदाशिव अमरापूरकर. त्याला आता राजकारणात शिरायचे आहे, म्हणून त्याच्या अंगाला हात लावायची सोय नाही.

वेलणकर प्रामाणिक आहे. पण चौकशीत अडकतो तेव्हा त्याचा भला वरिष्ठही कायद्याने नव्हे, मध्यस्थ गाठून राजकीय वशिल्याने त्याला सोडवतो. इथेच गोम आहे. ज्याची नोकरी वशिल्याने वाचली, त्याची मान मोकळी कशी राहील? मनात साचलेला सगळा संताप तो अखेर कुणावर काढतो? रामा शेट्टीवर नव्हे. किरकोळ चोरीसाठी पकडलेल्या एका गरिबावर. मार खाऊन तो माणूस कोठडीतच मरतो. शेट्टीची पाळी येते ती त्यानंतर, सगळे हातचे गेल्यावर.

तो मेलेला माणूस कोणत्या वस्तीतला, हे चित्रपट सांगत नाही. आम्हांला मात्र तो ओळखीचा वाटला.

कायदा तेव्हापासून पुढे आला आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अटकेचा पंचनामा, नातलगांना खबर आणि वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये, असा १९९५ चा नियम आहे. प्रकाश सिंग खटल्यात २००६ साली ठाण्याच्या प्रमुखापासून वरच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षे एका जागी ठेवा, असे आदेश झाले, ते पुढाऱ्यांच्या मर्जीनुसार होणाऱ्या बदल्यांना आळा बसावा म्हणून. भरतीच्या अभ्यासात पोरं ही कलमं पाठ करतात. चित्रपट पाहिला की ती कशासाठी आली ते कळते.

आमच्याकडे पाहून झाल्यावर एका पोराने विचारले, ‘साहेबानं फोनवर सांगितलं, ह्याला सोड, त्याला धर, तर काय करायचं?’ त्याची आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, ‘कागदावर लिहून माग.’ पोरगा हसला. तिला काही हसू आले नाही.

लहान लेकरांना मात्र निजवून मग चित्रपट लावावा. कोठडीतला प्रसंग मोठ्यांनाही पाहवत नाही.