कचरा वेचणाऱ्या बायकांची पंचायत



गणपती विसर्जनाच्या दिवशी पुण्यातल्या विसर्जन घाटांवर दोन प्रकारची माणसं दिसतात. शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या देवळाजवळ मुठेच्या काठी उभं राहिलं, तरी हेच चित्र. एक, आरती करून बाप्पाला निरोप देणारी. आणि दुसरी, हातमोजे घालून, पोती पसरून उभ्या राहिलेल्या बायका आणि त्यांच्या मदतीला आलेली तरुण पोरं. हार, दूर्वा, पत्री, केवडा पाण्यात न टाकता आमच्याकडे द्या, अशी विनवणी त्या करत असतात. मग फुलं एका बाजूला, थर्माकोल आणि प्लास्टिकच्या पिशव्या दुसऱ्या बाजूला. फुलापानांचं खत होतं, बाकीचं भंगारात जातं.

तुम्ही म्हणाल, पुण्याच्या घाटाचं आम्हाला काय? पण मुठा पुढे संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या धरणात जाते. म्हणजे शनिवार पेठेत नदीत पडलेली घाण दौंड, इंदापूर, करमाळ्याच्या बायकांच्या वाट्याला येते. नदीत न गेलेला कचराही गावाकडेच निघतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर टाकला गेला. तिथल्या विहिरी नासल्या, दुर्गंधी पसरली आणि गावकऱ्यांनी अनेकदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. म्हणून शहराचा कचरा कोण उचलतं आणि कसा उचलतं, हा आपलाही प्रश्न आहे.

घाटावर उभ्या राहणाऱ्या या बायका कोण? त्या आहेत ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद. आणि ‘स्वच्छ’ जिच्या पोटातून जन्मली, ती त्यांची संघटना म्हणजे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. आज तिची गोष्ट सांगायची आहे.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल, काहींनी आई-आजीकडून ऐकला असेल. खडी फोडायची, सुकडी खायची, असे ते दिवस. मराठवाड्यातून आणि इतर दुष्काळी भागांतून तेव्हा कितीतरी कुटुंबं पुण्याला आली. बहुतेक भूमिहीन, आणि बहुतेक दलित. पुरुषांना कुठे बिगारी मिळाली, कुठे नाही. बायकांना ना शिक्षण, ना ओळख. मग खांद्यावर पोतं घेऊन उकिरडा धुंडाळायचा आणि कागद, काच, पत्रा वेगळा करून भंगारवाल्याला विकायचा, एवढंच हाती उरलं. पहाटे निघायचं, कुत्री अंगावर यायची, काचेने हात कापायचे, चोरीचा आळ यायचा. भंगारवाला वजनात मारायचा आणि अडीनडीला सावकार भरमसाट व्याज लावायचा.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या कार्यकर्त्या त्यांच्यापर्यंत पोचल्या. गेल्या होत्या लिहायला-वाचायला शिकवायला. लवकरच लक्षात आलं, की कचरा वेगळा करून घरातूनच मिळाला तर उकिरड्यात हात घालावा लागत नाही, वेळ वाचतो आणि दोन पैसे जास्त मिळतात. तसा प्रयोग सुरूही झाला. पण त्याच भागात एका खासगी व्यावसायिकाने गाडी आणून घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. बायकांच्या पोटावरच पाय आला. त्यांनी एकजुटीने त्या गाड्यांना विरोध केला. एकेकटीचं कुणी ऐकत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

पुण्यात कष्टकऱ्यांच्या संघटनेची परंपरा होतीच. डॉ. बाबा आढावांनी हमालांची हमाल पंचायत उभी केली होती. समाजवादी आणि सत्यशोधक विचारांचा हा माणूस. अंगमेहनत करणाऱ्याला दयेची नव्हे, हक्काची गरज असते, हा त्या विचाराचा गाभा. १९९३ च्या मे महिन्यात पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची परिषद झाली. आठशेहून जास्त जण आले, त्यात बहुसंख्य बायका. तिथे पंचायत स्थापन झाली.

आता ही पंचायत नेमकं काय करते?

सगळ्यात आधी तिने नाव बदललं. लोक ‘कचरेवाली’ म्हणायचे. पंचायतीने सांगितलं, आम्ही कचरावेचक, आम्ही कामगार. नावापाठोपाठ ओळखपत्र आलं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महापालिकांनी १९९५-९६ च्या सुमारास त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पोलिसाने हटकलं, वॉचमनने अडवलं, तर दाखवायला हातात काही तरी आलं.

मग पंचायतीने हिशेब मांडला. मैत्रिणींनो, हा भाग नीट ऐका, कारण आपण इथेच कमी पडतो. आपण राबतो, पण राबण्याची किंमत काढत नाही. कचरावेचक जेवढा माल उचलून भंगारात घालते, तेवढा महापालिकेला गाडीत भरून डेपोवर न्यावा लागत नाही. डिझेल वाचतं, मजुरी वाचते, जागा वाचते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००१ साली झालेल्या अभ्यासात याचा आकडा निघाला. एकेक कचरावेचक दर महिन्याला २४६ रुपयांचं काम शहरासाठी फुकट करत होती. हा आकडा हातात आल्यावर मागणीची भाषाच बदलली. आमच्यावर उपकार करा, असं म्हणायची गरज उरली नाही. तुमचे वाचलेले पैसे आमच्या आरोग्यासाठी वापरा, असं म्हणता आलं. २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणी झालेल्या कचरावेचकांचा वैद्यकीय विमा सुरू केला.

पैशाचा कारभारही पंचायतीने स्वतःकडे घेतला. सावकाराच्या तावडीतून सुटायला पतसंस्था निघाली. वजनात फसवणूक होऊ नये म्हणून पंचायतीने स्वतःची भंगाराची दुकानं चालवून पाहिली, त्यातला नफा माल आणणाऱ्या बायकांनाच वाटला. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी कागदपत्रं केली. बचत गट चालवणाऱ्या तुम्हाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

पुढे २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. आता बायका घरोघर जाऊन ओला आणि सुका कचरा वेगळा घेतात. घरटी ठरलेलं मासिक शुल्क त्यांना मिळतं, सुका माल विकून वरकमाई होते. पेठांतल्या अरुंद बोळात, जुन्या वाड्याच्या जिन्यात मोठी गाडी जाऊ शकत नाही, ढकलगाडी घेतलेली बाई जाते. तीन हजारांवर कचरावेचक या संस्थेच्या सभासद आहेत, आणि मालकही.

पंचायत आणि ‘स्वच्छ’ यांत गोंधळ होऊ देऊ नका. गावात दूध संस्था वेगळी असते आणि शेतकऱ्यांची संघटना वेगळी असते. दूध संस्था दूध गोळा करते, पैसे वाटते. संघटना भावासाठी भांडते. तसंच, ‘स्वच्छ’ काम करते आणि पंचायत हक्कासाठी लढते. दोन्ही लागतात. नुसती संस्था असेल तर ती साहेबांपुढे वाकते, नुसती संघटना असेल तर रोजची चूल पेटत नाही.

लढण्याची वेळ येतेच. २०२० च्या अखेरीस कराराची मुदत संपली, तेव्हा हे काम ठेकेदारांकडे देण्याची भाषा सुरू झाली. ज्या बायकांनी शहराला कचरा वेगळा करायला शिकवलं, त्यांनाच बाजूला सारायचं होतं. बायका रस्त्यावर उतरल्या. रोज ज्यांच्या दारात त्या जातात, ते अनेक नागरिकही त्यांच्या बाजूने बोलले. दाराशी जोडलेली ओळख अशी कामी येते.

सगळं चांगभलं झालं, असं मात्र नाही. अजून कितीतरी घरांतून ओलं-सुकं एकत्र येतं. वापरलेले सॅनिटरी पॅड तसेच उघडे टाकले जातात आणि ते एखाद्या बाईलाच हाताने वेगळे करावे लागतात. म्हणून ‘स्वच्छ’ने लाल ठिपक्याची मोहीम काढली. पॅड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा, त्यावर लाल ठिपका काढायचा आणि वेगळा द्यायचा. काही वर्षांपूर्वी या बायकांनी वापरलेले पॅड गोळा करून बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले होते. माल विकता, तर त्याच्या कचऱ्याचीही जबाबदारी घ्या, असं त्यांचं म्हणणं. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत गुंडाळायला पिशवी देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली गेली. लाल ठिपका काढायला मात्र कुठल्याही नियमाची वाट पाहावी लागत नाही. तुमच्या गावात आजपासून सुरू करता येईल.

आणखी एक अवघड प्रश्न आहे. हे काम पिढ्यान् पिढ्या दलित बायकांच्याच माथी का? संघटना करून आपण ते त्यांच्याच गळ्यात कायमचं बांधतोय का? उत्तर सोपं नाही. पण आज जी बाई हे काम करते तिला मान, दाम आणि हातमोजे आजच मिळायला हवेत, आणि तिच्या लेकीला शाळा मिळायला हवी, म्हणजे लेकीने काय करायचं ते लेक ठरवेल. पहिल्याशिवाय दुसरं होत नाही, हे पंचायतीच्या कामातून दिसतं.

आता आपल्या गावाकडे वळू. स्वच्छ भारत अभियानात ग्रामपंचायतींनाही कचऱ्याची व्यवस्था करायची आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतला एक वाटा स्वच्छतेसाठीच ठेवला होता. अनेक गावांत घंटागाडी आली, शेड बांधली गेली. तेव्हा ग्रामसभेत उठून तीन प्रश्न विचारा. एक, हे काम कुणाला दिलंय आणि गावात आधीपासून भंगार वेचणाऱ्या बायकांना विचारलं होतं का? दोन, काम करणाऱ्या बाईला महिन्याला हातात किती पडतात, आणि हातमोजे, बूट, विमा मिळतो का? तीन, सुका माल विकला जातो त्याचे पैसे कुठे जातात? उत्तरं मिळाली तर लिहून ठेवा. नाही मिळाली, तर पुढच्या सभेला दहाजणी मिळून जा.

आणि कधी पुण्याला गेलात, तर शनिवारवाडा पाहून झाल्यावर थोडं चालून ओंकारेश्वराच्या घाटावर जा. वाटेत ढकलगाडी घेतलेली एखादी बाई भेटली, तर थांबून चार शब्द बोला. तिचं गाव विचारा. कदाचित तुमच्याच तालुक्यातली निघेल.