रिक्षामुळे नाही, पपईमुळे नाही

दिवस राहिल्याची बातमी घरातल्या जेमतेम चार माणसांना कळलेली असते. तेवढ्यात नवव्या-दहाव्या आठवड्यात डाग दिसतात, सोनोग्राफी होते आणि डॉक्टर सांगतात की बाळाचे ठोके थांबलेत. त्यानंतर भेटायला येणारं जवळपास प्रत्येक माणूस त्याच चौकश्या करतं. जड काही उचललंस का? प्रवास झाला होता का? बाहेरचं काही खाण्यात आलं का? विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण हिच्या हातून काहीतरी घडलं असणार, हे त्यानं आधीच धरून ठेवलेलं असतं. मग तीही रात्र रात्र जागून मागच्या पंधरा दिवसांतलं काय काय आठवत बसते. मंगळवारी गॅसचा सिलिंडर सरकवला होता, शनिवारी मावशीकडे रिक्षानं गेलो होतो, रस्त्यात खड्डे होते.

पहिल्या तीन महिन्यांतल्या बहुतेक गर्भपातांचा या आठवणींशी काडीचाही संबंध नसतो. हे डॉक्टरांच्या पुस्तकांत आहे, पण घराघरांत पोचलेलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

“आमच्यात असं कुणाला झालं नव्हतं”

झालेलं असतं, पण कुणी सांगितलेलं नसतं. ज्या गरोदरपणांची खात्री झालेली असते, त्यांतली साधारण १५ टक्के गर्भपातात संपतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये आलेल्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे २ कोटी ३० लाख गर्भपात आपोआप होतात. त्यांतले दहापैकी आठ पहिल्या बारा आठवड्यांतच होतात. पाळी चार-पाच दिवस पुढे जाऊन नंतर जरा जास्त अंगावरून गेलं, अशा वेळी कित्येकदा गर्भ राहून निसटलेला असतो आणि बाईला त्याचा पत्ताही नसतो. असे प्रसंग धरले तर प्रमाण आणखी वाढतं.

म्हणजे ज्या घरात आजी, काकू, आत्या, मावश्या मिळून दहा-बारा बायका आहेत, तिथे एखादीच्या तरी वाट्याला हे आलेलं असण्याचीच शक्यता जास्त. पण तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत. बातमीच सांगितलेली नसते, मग ती संपल्याचं कोण सांगणार? नजर लागू नये म्हणून पाळलेल्या या गुप्ततेमुळे ज्या दिवसांत बाईला माणसांची गरज असते, त्याच दिवसांत ती एकटी पडते. माझं स्पष्ट मत आहे की निदान दोन-तीन जवळच्या माणसांना पहिल्यापासून माहीत असावं.

“काहीतरी कारण असेलच ना?”

असतं, आणि बहुतेक वेळा ते गर्भधारणेच्या क्षणीच ठरून गेलेलं असतं.

स्त्रीबीजात २३ आणि शुक्राणूत २३ गुणसूत्रं असतात, ती मिळून ४६ होतात. या वाटणीत कधी एखादं गुणसूत्र जास्तीचं येतं, कधी कमी पडतं. पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भांची तपासणी केली, तर निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त गर्भांमध्ये गुणसूत्रांचा असा दोष सापडतो. सोळाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असणं हा त्यांतला नेहमी आढळणारा प्रकार. असा गर्भ रुजतो, पाळी चुकते, चाचणीवर दोन रेघा उमटतात, पण काही आठवड्यांत त्याची वाढ थांबते. कितीही आराम करून, कोणतंही औषध घेऊन तो वाढला नसता. कधी एकाच स्त्रीबीजात दोन शुक्राणू शिरतात आणि गुणसूत्रांचा अख्खा एक संच जास्तीचा होतो. तोही गर्भ टिकत नाही. यात कुणाची चूक शोधायची?

वयाचा संबंध इथेच येतो. मुलीच्या अंडाशयातली स्त्रीबीजं तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. वय वाढतं तशी गुणसूत्रांच्या वाटणीतली गफलतही वाढते. विशीतल्या बाईच्या बाबतीत गर्भपाताची शक्यता साधारण दहा टक्के असते, तर चाळिशीत ती तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. पुरुषाचं वय चाळिशीच्या पुढे गेलं की त्याच्या बाजूनंही धोका थोडा वाढतो, हे आता अनेक अभ्यासांत दिसून आलंय. तरी चौकश्या होतात त्या सुनेच्याच.

“पपई खाल्ली, जिने चढले, ग्रहणात बाहेर पडले”

पिकलेली पपई नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यानं गर्भ पडत नाही. कच्च्या पपईतल्या चिकानं गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. म्हणून कच्ची पपई टाळा म्हणणं ठीक, पण नाश्त्याला खाल्लेल्या दोन फोडींचं ओझं कुणी जन्मभर वाहू नये. तीळ, अननस यांचीही तीच गत. ग्रहणाचा गर्भावर काहीही परिणाम होत नाही. जिने, रिक्षा, स्कूटर, कपडे धुणं, नवरा-बायकोचा संबंध, घरातलं भांडण, ऑफिसातला ताण यांनी सुदृढ रुजलेला गर्भ पडत नाही. बारा आठवड्यांपर्यंत गर्भाशय ओटीपोटात कंबरेच्या हाडांच्या आतच असतं, त्यामुळे लहानसहान धक्के तिथवर पोचतच नाहीत.

मात्र इथे एक फरक करायलाच हवा. घरकाम वेगळं आणि जिवावर बेतणारी मजुरी वेगळी. रोज तासन्‌तास जड उचलणं आणि रात्रपाळी यांनी धोका काही प्रमाणात वाढतो. डेन्मार्कमधल्या सुमारे २२ हजार ७०० नोकरदार गरोदर स्त्रियांची माहिती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. आठव्या आठवड्यानंतर एका आठवड्यात दोन किंवा जास्त रात्रपाळ्या केलेल्यांमध्ये पुढच्या आठवड्यातलं गर्भपाताचं प्रमाण सुमारे एकतृतीयांशानं जास्त निघालं. हे वाचताना मला बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका आठवतात. पहाटे अंधारात फडात उतरायचं, वाकून ऊस तोडायचा, तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, आणि अंगावरून जात असलं तरी थांबायचं नाही, कारण थांबलं की खाडा कापला जातो. काम कमी कर, हा सल्ला जिला खरोखर मिळायला हवा, तिला तो देणारं कुणी नसतं. शहरातली सून मात्र एका रिक्षाप्रवासासाठी बोल खात असते.

बाईच्या तब्येतीशी जोडलेली कारणंही आहेत, ती वेळेत ओळखली तर उपाय होतो. ताब्यात नसलेला मधुमेह, थायरॉइडचा दोष, रक्तात गुठळ्या करणारा अँटीफॉस्फोलिपिड नावाचा विकार, गर्भाशयात जन्मतः असलेला पडदा, दारू, सिगारेट आणि तंबाखू. मिश्री म्हणजे तंबाखूच, हे दात घासायच्या सवयीमुळे विसरलं जातं. गरोदर बाईनं ती सोडलीच पाहिजे.

“डाग दिसला, आता पलंगावरून उतरायचं नाही”

पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारांतल्या एकीला थोडंफार अंगावरून जातं. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींचं गरोदरपण पुढे व्यवस्थित चालू राहतं. त्यामुळे डाग दिसला म्हणजे संपलं, असं नाही. पण आठ-आठ दिवस झोपून राहिल्यानं गर्भ वाचतो, यालाही पुरावा सापडलेला नाही. उलट फार दिवस पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते.

गर्भ टिकायची इंजेक्शनं आणि गोळ्या, म्हणजे प्रोजेस्टेरॉन, आपल्याकडे सर्रास दिली जातात. ब्रिटनमध्ये रक्तस्राव होत असलेल्या चार हजारांहून जास्त स्त्रियांवर याची चाचणी झाली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष आले. सरसकट सगळ्यांचा विचार केला तर ठोस फायदा दिसला नाही. पण ज्यांचे आधी गर्भपात झालेले होते, त्यांना उपयोग दिसला. तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांत तर औषध घेणाऱ्या ७२ टक्के जणींना बाळ झालं, न घेणाऱ्यांत ५७ टक्के. म्हणजे हे औषध निरुपयोगी नाही आणि सगळ्यांसाठीही नाही. आपल्याला ते का दिलं जातंय, हे डॉक्टरांना विचारायला संकोचू नये.

“ठोके नाहीत म्हणाले, म्हणजे लगेच पिशवी साफ करायची”

ठोके लवकरच्या सोनोग्राफीत दिसले नाहीत, याचा अर्थ दर वेळी गर्भ गेला असा नसतो. कधी दिवसांचा हिशेब चुकलेला असतो, गर्भ आपण समजतो त्याहून लहान असतो. म्हणून नियम काटेकोर आहेत. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असूनही ठोके नाहीत, किंवा गर्भपिशवी सरासरी २५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असूनही आत गर्भ नाही, तरच निदान पक्कं होतं. माप त्यापेक्षा कमी असेल तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायचं. सोनोग्राफीच्या कागदावर ही मापं लिहिलेली असतात. कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवणं हा अविश्वास नव्हे.

निदान पक्कं झाल्यावरही तीन वाटा असतात. बाईची तब्येत स्थिर असेल तर वाट पाहता येते, बऱ्याच जणींचं दोन आठवड्यांत आपोआप पूर्ण होतं. गोळ्यांनी होतं. किंवा सक्शननं गर्भाशय रिकामं करतात. धारदार चमच्यानं खरवडण्याची जुनी पद्धत सोडून द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणून क्युरेटिंग करायचं म्हटल्यावर कोणत्या पद्धतीनं, हे विचारावं. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून मात्र घेऊ नयेत. गर्भ नळीत अडकलेला असेल तर त्या गोळ्या काम करत नाहीत आणि नळी फुटली तर जीव जाऊ शकतो. पोटात एका बाजूला जोरात दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ येणं, घेरी येणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी, किंवा लागोपाठ दोन तास तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप आणि घाण वासाचा स्राव असेल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, तेही तेव्हाच विचारायचं.

“एकदा झालं म्हणजे पुन्हा होणार”

एका गर्भपातानंतर पुढच्या खेपेला बहुतेक जणींना, म्हणजे शंभरात ऐंशीहून जास्त जणींना, बाळ होतं. लागोपाठ दोन झाले तर तपासण्या करून घ्याव्यात. अँटीफॉस्फोलिपिडचा विकार निघाला तर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं यांनी चांगला गुण येतो. पण तपासण्यांच्या यादीत आपल्याकडे हमखास असणारी ‘टॉर्च’ची रक्ततपासणी वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण शोधायला कामाची नाही, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. जुना संसर्ग दाखवणारा आकडा येतो, घर घाबरतं आणि नको ती औषधं सुरू होतात. गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालण्याचंही तसंच. तोंड लवकर उघडण्यामुळे जे गर्भपात होतात, ते चौथ्या-पाचव्या महिन्यातले. आठव्या आठवड्यात थांबलेल्या ठोक्यांशी त्याचा संबंध नाही.

पुन्हा प्रयत्न कधी करायचा? सहा महिने थांबा, असा सल्ला अजून मिळतो. स्कॉटलंडमधल्या सुमारे ३१ हजार स्त्रियांच्या नोंदी २०१० मध्ये अभ्यासल्या गेल्या, तेव्हा सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस राहिलेल्यांचं जास्त चांगलं झालेलं दिसलं. द्राक्षगर्भ (मोलर प्रेग्नन्सी) असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तितकं थांबायलाच हवं. आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, त्यात या रक्तस्रावाची भर पडते.

“अजून बाळ कुठे होतं, एवढं काय रडायचं”

लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गर्भ गेल्यानंतर महिन्याभरानं २९ टक्के स्त्रियांमध्ये मोठ्या आघातानंतर दिसतात तशी लक्षणं होती: तीच दृश्यं डोळ्यांसमोर येणं, झोप उडणं, दचकणं. नऊ महिन्यांनीही १८ टक्के जणींना ती होती. म्हणून घरातली बाई आठवड्याभरानंतरही गप्प असेल तर दुसऱ्या बाळाचं आमिष दाखवू नका. तिला बोलायचं असेल तेव्हा ऐका. नवराही त्या बाळाची वाट पाहत होता, त्यालाही कुणी विचारत नाही. झोप, जेवण तुटलं असेल तर सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि रजा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानं गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा दिली होती, त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे, आणि गर्भपातातून आजारपण आलं तर आणखी एक महिना मिळू शकतो. कित्येक जणी हे माहीत नसल्यामुळे दोन दिवसांची किरकोळ रजा टाकून तिसऱ्या दिवशी कामावर जातात. रजेला पुरावा लागतो. नुसता ‘आरामाची गरज’ एवढाच उल्लेख असलेल्या दाखल्यावर ती अडते. दवाखान्यातून निघताना डिस्चार्ज कार्डावर गर्भपात असा स्पष्ट शब्द, किती आठवडे, कोणता उपचार आणि रक्तगट लिहून घ्यावा. हेच कार्ड पुढच्या गरोदरपणात पहिल्या भेटीला डॉक्टरांना लागतं.