ऋतूंचे सण आणि पगाराचे महिने

इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या माळावर स्टोनहेंज नावाचे पुरातन शिलावर्तुळ आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी उभारलेल्या या प्रचंड शिळांचा अक्ष एका बाजूस वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे, तर दुसऱ्या बाजूस सर्वांत लहान दिवसाच्या सूर्यास्ताकडे रोखलेला आहे. दरवर्षी २१ जूनच्या सुमारास, ती अल्पशी रात्र सरत असताना, तेथे हजारो माणसे जमतात. त्यांत पांढरे झगे ल्यालेले ड्रुइडपंथीय असतात, गंमत पाहायला आलेले तरुण असतात, आणि शाळेत शिकविणारे, इस्पितळात रात्रपाळी करणारे, कचेरीत फायली हाताळणारे साधे नोकरदारही असतात. सूर्य उगवतो, पुष्कळदा ढगांच्या आडच, कारण इंग्लंडचे हवामान सणावाराची भीड बाळगीत नाही. काही वेळ ढोल घुमतात, कोणी डोळे मिटून उभे राहते, आणि मग मंडळी पांगतात. त्या दिवशी सरकारी सुटी नसते; ज्याने रजा टाकलेली नाही त्याला वेळेवर कामावर हजर व्हावयाचे असते.

हा पहाटेचा मेळावा सुखासुखी मिळालेला नाही. १९७४ पासून १९८४ पर्यंत येथे दर जूनमध्ये एक मुक्त उत्सव भरत असे. १९८५ साली त्यावर बंदी आली आणि १ जून रोजी तिकडे निघालेल्या तांड्याला पोलिसांनी वाटेतच अडवून मारझोड केली. पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. त्यानंतर बरीच वर्षे या दिवशी शिळांपाशी जाण्यास सर्वसामान्यांना मज्जाव होता. २००० सालापासून ती वाट पुन्हा खुली झाली. एक सूर्योदय पाहण्यासाठी माणसांनी एवढा आटापिटा का करावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा राहत नाही.

चक्र जुने की नवे?

'पेगन' हा शब्द मूळचा लॅटिन. खेडवळ माणूस असा त्याचा अर्थ होता आणि जुनी दैवते न सोडणाऱ्यांना हिणविण्यासाठी ख्रिस्ती लोकांनी तो रूढ केला. आज तोच शब्द काही सुशिक्षित माणसे आपणहून स्वतःला लावून घेतात. इंग्लंड व वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ५७ हजार लोकांनी आपला धर्म 'पेगन' असा नोंदविला. २०२१ मध्ये हा आकडा सुमारे ७४ हजारांवर गेला. सहा कोटींच्या आसपास असलेल्या लोकसंख्येत तो नगण्यच म्हणावयाचा. तथापि कोणत्याही धर्माचे नाव न लावता हे सण पाळणारी माणसे या आकड्यात येत नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

सण एकूण आठ. ३१ ऑक्टोबरच्या रात्री 'साविन', म्हणजे हिवाळ्याचा उंबरठा आणि मृतांचे स्मरण, डिसेंबरात सर्वांत लांब रात्रीचा 'यूल', फेब्रुवारीच्या आरंभी 'इम्बोल्क', वसंतसंपाताचा 'ओस्टारा', १ मेचा 'बेल्टेन', जूनमधील 'लिथा', १ ऑगस्टचा 'लूनसा' ऊर्फ 'लामास', आणि शरदसंपाताचा 'मेबन'. दर सहा-सात आठवड्यांनी एक मुक्काम येतो आणि वर्षाचे चाक फिरत राहते. हे चाक हजारो वर्षे असेच फिरत आले आहे, असे पाळणाऱ्यांपैकी कित्येकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. मलायात जकात खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले जेरल्ड गार्डनर यांनी, १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यानंतर, १९५४ साली पुस्तक लिहून आपला पंथ जगापुढे आणला. त्यांचे मित्र रॉस निकोल्स यांनी १९६४ मध्ये ड्रुइडांचा एक स्वतंत्र संघ काढला. जुन्या आयरिश साहित्यात आढळणारे चार दिवस आणि सूर्याच्या गतीवरून येणारे चार दिवस यांची सांगड या दोघांच्या वर्तुळांत १९५० नंतरच्या दशकात घातली गेली. 'मेबन' हे नाव तर १९७० नंतरच्या दशकात एडन केली या अमेरिकन गृहस्थांनी दिले. मेबन हा वेल्श कथांमधील एक वीर. शरदसंपाताशी त्याचा पूर्वी काडीचाही संबंध नव्हता. ब्रिस्टल विद्यापीठातील इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हा सारा वंशवृक्ष सहानुभूतीने, पण कोणाचीही भीड न ठेवता तपासला आहे.

म्हणजे हे चक्र जेमतेम सत्तर वर्षांचे. म्हणून ते खोटे ठरते काय? १८९३ मध्ये सार्वजनिक झालेल्या गणेशोत्सवाच्या प्रदेशात तरी हा आक्षेप फार ताणू नये. सण केव्हातरी कोणीतरी सुरू केलेलेच असतात. नव्या सणाला जुनेपणाचा खोटा दाखला जोडणे गैर, सण नवा असणे गैर नव्हे. खरा प्रश्न निराळाच आहे. हा सण कोणती गरज भागवितो, आणि ती गरज उत्पन्न कशामुळे झाली?

खंड, उपासमार आणि बँकेची सुटी

येथे थोडा आर्थिक इतिहास पाहावा लागतो. इंग्लंडमध्ये जमिनीचा खंड भरण्याचे आणि करारमदार सुरू होण्याचे दिवस वर्षातून चार होते : २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. चारही अयन-संपातांना जवळजवळ चिकटून आलेले. स्कॉटलंडमध्ये याच कामासाठी फेब्रुवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबरमधील दिवस ठरलेले होते, म्हणजे चक्रातील उरलेल्या चार सणांच्या आसपासचे. सण आणि देणेकरी एकाच सुमारास दाराशी येत. ऋतुसणांच्या आजच्या भाविक वर्णनांतून हा देणेकरी सहसा गळलेला असतो. मार्चअखेरीचा हिशेब ज्याच्या पाचवीला पुजला आहे, त्या इकडच्या कारकुनाला मात्र तो चटकन ओळखू येईल.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सणांपाठीमागे भूक होती. 'लामास' या नावाचा अर्थच पावाची प्रार्थना असा आहे. नव्या गव्हाचा पहिला पाव त्या दिवशी देवळात नेत. पण त्याआधीचा जुलै महिना गरिबाच्या घरी सर्वांत वाईट. जुने धान्य संपलेले आणि नवे अजून शेतात उभे. त्या पहिल्या पावाची चव ज्याने लागोपाठ तीन आठवडे अर्धपोटी काढले त्यालाच कळत असणार.

पुढे कारखाने आले आणि घड्याळ आले. ई. पी. थॉम्सन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात, कामावरून वेळ मोजणारा माणूस वेळेवरून काम मोजणारा कसा झाला, याचे जे विवेचन केले आहे ते अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचण्याजोगे आहे. सुट्यांचेच पाहा. बँक ऑफ इंग्लंड पूर्वी संतांचे दिवस व धार्मिक सण धरून वर्षातून सुमारे ३३ दिवस बंद असे. १८३४ मध्ये ही संख्या एकदम चारवर आली. त्या चारांत १ मे आणि १ नोव्हेंबर हे दिवस होते, हा योगायोग मजेदार आहे. १८७१ साली सर जॉन लबक यांनी बँक सुट्यांचा कायदा संमत करून घेतला आणि ऑगस्टचा पहिला सोमवार सुटीचा झाला. हे लबक स्वतः पेढीवाले, संसद सदस्य आणि प्रागितिहासाचे अभ्यासक. पुराश्मयुग व नवाश्मयुग यांसाठीचे इंग्रजी शब्द त्यांचेच, आणि एव्हबरीच्या शिलावर्तुळावर घरे बांधली जाऊ नयेत म्हणून तेथील जमीन पदरमोड करून विकत घेणारेही तेच. कारकुनाला सुटी आणि शिळांना अभय एकाच हाताने मिळाले. पण लबक यांची ती ऑगस्टची सुटीही पुढे हलली. पर्यटनाचा हंगाम लांबावा, गर्दी विभागली जावी, या सोयीसाठी १९६५ पासून प्रयोग म्हणून आणि १९७१ च्या कायद्याने कायमची, ती महिन्याच्या अखेरीस गेली. त्यात सरकारचा काही दुष्टावा नव्हता. सुटी कोणत्याही ऋतूची राहिली नाही, एवढेच झाले.

नोकरदाराचे वर्ष हे असे सपाट झाले. बारा पगार, चार तिमाह्या, एक वार्षिक अहवाल. त्यात जानेवारी आणि जुलै यांत कचेरीच्या आत काहीच फरक उरत नाही. दिवे तेच, हवा तीच.

स्वतःहून घेतलेली रजा

या पार्श्वभूमीवर लंडनमधील एखाद्या नोकरदार स्त्रीचा डिसेंबर डोळ्यांपुढे आणावा. २१ तारखेला तेथे सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. दिवस पावणेआठ तासांच्या आसपास. जूनमध्ये तोच साडेसोळा तासांच्या पुढे जातो. मुंबईत सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो, त्यामुळे प्रकाशाची टंचाई म्हणजे काय हे इकडे कळणे कठीण. इकडचे वर्ष पावसावर तोलले जाते. ही स्त्री अंधारात घराबाहेर पडते आणि अंधारातच परतते. यूलच्या संध्याकाळी ती घरातले सगळे दिवे मालविते, काही वेळ काळोखात बसते आणि मग एक मेणबत्ती लावते. उद्यापासून दिवस वाढेल, पहिल्यांदा अवघ्या काही सेकंदांनी. या कृतीत देवता मानलीच पाहिजे असे नाही. पाळणाऱ्यांपैकी कित्येक जण स्पष्टपणे नास्तिक असतात. अंधार आहे, तो सोसावयाचा आहे आणि तो कमी होणार आहे, या तीन गोष्टी तिने दिव्याची कळ न दाबता अनुभवलेल्या असतात.

साविनचे तसेच. त्या रात्री जेवणाच्या मेजावर एक जादा पान मांडावयाचे आणि त्या वर्षी गेलेल्या माणसाचे नाव मोठ्याने घ्यावयाचे, अशी प्रथा आहे. आधुनिक शहरात अंत्यसंस्कार झाले, रजा संपली, की शोकाला जागा उरत नाही. सहा महिन्यांनी मेलेल्या माणसाचे नाव काढले तर ऐकणारे अवघडतात. दरवर्षी ठरलेल्या रात्री ते नाव घेण्याची मुभा मिळणे, ही ज्यांच्या घरी सर्वपित्रीला पान वाढले जाते त्यांना क्षुल्लक वाटणार नाही.

लामासचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो टाळता येणार नाही. दुकानातून पीठ आणून, विजेच्या भट्टीत पाव भाजून, भुकेचा अनुभव नसलेल्या माणसाने सुगीचा सण कसा पाळावा? हे नाटक नव्हे काय? बऱ्याच अंशी आहे. आठही सण सारख्याच उत्साहाने साजरे करणाऱ्यांत हौसेचा भाग मोठा असतो. परंतु १ ऑगस्टला पाव भाजताना हा गहू कोणाच्या शेतातला, कोणत्या भावाने विकला गेला, असा विचार एखाद्याच्या मनात आला, तर ते नाटक निदान निरुपयोगी म्हणता येत नाही. आणि असा विचार न करविणारे सण बाजार आनंदाने पुरवीतच असतो. साविनची भावंड असलेली हॅलोविनची रात्र पाहावी. प्लॅस्टिकचे सांगाडे, कागदी भुते आणि चॉकलेटे यांखाली मृतांचे स्मरण गाडले गेले आहे. खुद्द पेगनांसाठीही स्फटिक, धूप आणि कांडी यांची दुकाने ग्लॅस्टनबरीत हारीने उभी आहेत. जो सण अर्ध्या दिवसाची रजा आणि चार मैलांची पायपीट मागतो, त्याचा माल कोणाला विकता येत नाही.

आणखी एक धोका आहे. भूमी आणि पूर्वज यांच्याविषयीची भक्ती कोणत्या दिशेने वळेल याचा नेम नसतो. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीतील नाझींनी अयनदिनाच्या होळ्या पेटवूनच वंशश्रेष्ठत्वाचे पाठ दिले होते. आजच्या पेगनांपैकी बहुसंख्यांना याची लाज आहे, काहींना नाही.

चक्राची खरी कसोटी विषुववृत्तापलीकडे लागते. ऑस्ट्रेलियात डिसेंबर म्हणजे कडक उन्हाळा. तेथे नाताळच्या भेटपत्रांवर अजून बर्फ छापलेले असते. पेगनांनी मात्र आपले चाक सहा महिन्यांनी फिरवून घेतले आणि ते यूल जूनमध्ये पाळतात. पोथीपेक्षा सूर्य प्रमाण मानल्याचा हा फायदा. मेलबर्नमधील मराठी कुटुंबाला ही सोय नाही. तेथे संक्रांतीला अंगात ऊब आणणारा तिळगूळ भर उन्हाळ्यात वाटावा लागतो. खुद्द महाराष्ट्रातही संक्रांत उत्तरायणाचा सण म्हणून १४-१५ जानेवारीला येते, सूर्य मात्र २२ डिसेंबरच्या सुमारासच उत्तरेकडे वळलेला असतो. तिळगुळाच्या गोडीत त्याने उणेपणा येत नाही, हेही खरे. सण ऋतूसाठी असतो तसा माणसांसाठीही असतो.

परंतु आता ऋतूच जागेवर राहिलेले नाहीत. बेल्टेनचे झाड म्हणजे हॉथॉर्न, पांढऱ्या फुलांनी लगडणारे एक काटेरी झुडूप. मे महिन्यावरून त्याला 'मे' असेच म्हणतात. १७५२ साली इंग्लंडने पंचांग सुधारताना अकरा दिवस गाळले, १ मे ऋतुमानाने अलीकडे आला आणि सणाच्या दिवशी झुडूप बहुधा कळ्यांतच राहू लागले. आता उबदार वसंतांत ते पुष्कळदा एप्रिलमध्येच फुलून जाते. सर्वसामान्य लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या टिपून ठेवलेल्या फुलोऱ्याच्या चार लाखांहून अधिक नोंदी तपासून केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की, १९८७ नंतर ब्रिटनमधील वनस्पती पूर्वीपेक्षा सरासरीने सुमारे एक महिना आधी फुलू लागल्या आहेत. या नोंदींची परंपरा नॉरफोकचे जमीनदार रॉबर्ट मार्शम यांच्यापर्यंत मागे जाते; त्यांनी १७३६ मध्ये आपल्या शिवारातील वसंताच्या खुणा टिपावयास प्रारंभ केला आणि त्यांच्या वंशजांनी ते काम १९५८ पर्यंत चालविले.

बेल्टेन १ मेला पाळावा की हॉथॉर्न फुलेल त्या दिवशी, याबद्दल पेगनांमध्ये एकवाक्यता नाही. दुसऱ्या मताच्या माणसांना एप्रिल उजाडला की रोज कामावर जाता-येता कुंपणाकडे पाहत राहावे लागते.